लू व्हिटेकर यांना हॉल ऑफ फेमने का डावलले?

नमस्कार. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये योग्यतेच्या मानाने सर्वांत कमी सन्मान कोणाला मिळाला, असे मला कोणी विचारले, तर मी डेट्रॉइट टायगर्स संघाचे सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचे क्षेत्ररक्षक) लू व्हिटेकर यांचे नाव घेईन. १९७७ ते १९९५ या काळात ते एकोणीस हंगाम एकाच संघाकडून खेळले, १९७८ मध्ये अमेरिकन लीगचे (व्यावसायिक बेसबॉलच्या दोन विभागांपैकी एकाचे) सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरले, क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा गोल्ड ग्लव्ह त्यांनी तीनदा मिळवला आणि १९८४ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचे अंतिम विजेतेपद, जिंकणाऱ्या संघाचे ते आधारस्तंभ होते. तरीही कूपर्सटाउन येथील हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील महान खेळाडूंच्या सन्मानदालनात, आजवर त्यांची निवड झालेली नाही.

त्यांच्या बाबतीत काय घडले, ते समजण्यासाठी निवडीचा नियम माहीत हवा. बेसबॉलचे वार्तांकन करणारे अनुभवी पत्रकार दरवर्षी मतदान करतात. निवड होण्यासाठी ७५ टक्के मते लागतात, आणि ज्याला ५ टक्केही मते मिळत नाहीत, त्याचे नाव यादीतून कायमचे निघते. २००१ मध्ये व्हिटेकर यांचे नाव प्रथमच मतदानासाठी आले, तेव्हा ५१५ पत्रकारांपैकी केवळ १५ जणांनी, म्हणजे २.९ टक्के मतदारांनी, त्यांना मत दिले. त्यांच्या कारकिर्दीविषयी चर्चा सुरू होण्याआधीच ती संपली.

पत्रकारांच्या नजरेतून निसटले ते नेमके काय, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, चार चेंडू स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरच्या ठरलेल्या पट्ट्याच्या) बाहेर पडले आणि बॅटरने ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस आपोआप मिळतो. यालाच वॉक म्हणतात. क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू संयमाने सोडणाऱ्या फलंदाजाचे आपण कौतुक करतो, पण त्याच्या खात्यात काही जमा होत नाही. बेसबॉलमध्ये त्याच संयमातून संघाला एक धावक मिळतो. मात्र त्या काळी खेळाडूची पारख मुख्यतः बॅटिंग सरासरीवरून, म्हणजे चेंडू फटकावून बेस गाठण्याच्या प्रमाणावरून, होत असे, आणि त्या सरासरीत वॉक धरलेच जात नाहीत. व्हिटेकर यांनी कारकिर्दीत ११९७ वॉक मिळवले.

त्यांच्याच काळातील शिकागो कब्जचे सेकंड बेसमन राइन सँडबर्ग यांची बॅटिंग सरासरी ०.२८५ होती, तर व्हिटेकर यांची ०.२७६. पण वॉकसह बेसवर पोहोचण्याचे प्रमाण पाहिले, तर व्हिटेकर ०.३६३ आणि सँडबर्ग ०.३४४, असा क्रम उलटतो. सँडबर्ग २००५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले आणि तो सन्मान पूर्णपणे योग्य होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र बॅटिंग, धावणे आणि क्षेत्ररक्षण यांचा एकत्रित हिशेब मांडून राखीव दर्जाच्या खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जादा विजय मिळवून दिले, याचा अंदाज देणाऱ्या वॉर या मापात बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या गणनेनुसार सँडबर्ग ६८ च्या आसपास, तर व्हिटेकर ७५ च्या आसपास आहेत.

दुसरे कारण त्यांच्या खेळाच्या स्वरूपात आहे. एखादा हंगाम गाजवून सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवण्यापेक्षा वर्षानुवर्षे उत्तम खेळत राहणे, हे त्यांचे वैशिष्ट्य होते, आणि अशा सातत्याची बातमी होत नाही. शिवाय त्यांचे नाव नेहमी टायगर्सचे शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधले क्षेत्ररक्षक) अ‍ॅलन ट्रॅमेल यांच्या जोडीने घेतले गेले. दोघांनी सप्टेंबर १९७७ मध्ये एकाच दिवशी पदार्पण केले आणि १९१८ सामने एकत्र खेळून अमेरिकन लीगचा विक्रम केला. ट्रॅमेल यांना पत्रकारांनी पंधरा वर्षे निवडले नाही, पण निदान त्यांचे नाव यादीत टिकले. पुढे पत्रकारांनी न निवडलेल्या खेळाडूंचा फेरविचार करणाऱ्या एका समितीच्या मतदानातून २०१८ मध्ये ते कूपर्सटाउनला पोहोचले. त्या समारंभातील भाषणात त्यांनी व्हिटेकर यांनाही हा मान मिळावा, अशी इच्छा जाहीरपणे व्यक्त केली.

डिसेंबर २०१९ मध्ये व्हिटेकर यांचे नाव अशाच समितीपुढे आले, तेव्हा बारा मते आवश्यक असताना त्यांना सहाच मिळाली. टायगर्सने ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या जर्सीचा १ क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये समितीपुढे गेलेल्या आठ नावांत मात्र ते नव्हते.

माझ्या मते पहिल्याच वर्षी लागू होणारी पाच टक्क्यांची अट बदलायला हवी आणि प्रत्येक खेळाडूला किमान तीन वर्षे यादीत राहू द्यायला हवे. १९९२ मध्ये बॉबी ग्रिच हे आणखी एक संयमी सेकंड बेसमन याच अटीमुळे २.६ टक्के मतांवर पहिल्याच वर्षी बाहेर पडले होते, आणि त्यांचे वॉरसुद्धा ७१ आहे.