रद्दीत नाही जाणार: डोंबिवलीतल्या इलेक्ट्रॉनिक्स मासिकांची गोष्ट

[दृश्य: माळा, सुतळीने बांधलेले गठ्ठे]

डोंबिवली पूर्वेतली ही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये आणि काकांच्या घरात मासिकांचे गठ्ठे आहेत, माळ्यावर, दिवाणात, गॅलरीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत, जिथे हात घालाल तिथे. सगळी इलेक्ट्रॉनिक्सची. इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू आहे, १९६९ ला दिल्लीत सुरू झालेलं. एलेक्टरची इंडियन एडिशन आहे, मासिक मूळ नेदरलँड्सचं पण ही एडिशन मुंबईतून निघायची. वायरलेस वर्ल्ड आणि प्रॅक्टिकल वायरलेस हे ब्रिटिश, आणि हॅम रेडिओवाल्यांचं, म्हणजे छंद म्हणून वायरलेसवर बोलणाऱ्यांचं, अमेरिकन क्यूएसटी, जे १९१५ पासून चालू आहे. भाड्याच्या घरात एवढं सगळं मावणार नाही, तर आता याचं करायचं काय, हा व्हिडिओ त्याबद्दल आहे.

मी सोल्डरिंग काकांकडेच शिकलो, खालच्या मजल्यावर राहायचो म्हणून, त्यामुळे हे गठ्ठे मला लहानपणापासून माहितीयेत. एका गोष्टीचं श्रेय आधी देतो. हे कागद आज हातात धरता येतायत ते काकूंमुळे. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी सगळं खाली काढायचं, झटकायचं, डांबर गोळ्या आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून परत ठेवायचं, हे त्यांनी कधीच चुकवलं नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत वाळवी आणि कसर लागायला एक सीझन पुरतो.

[दृश्य: एक पान जवळून, समासात पेन्सिलने लिहिलेलं]

आता हे पान बघा. प्रॅक्टिकल वायरलेसमधलं ॲम्प्लिफायरचं सर्किट आहे. छापलंय बीसी १०९ ट्रान्झिस्टर, आणि बाजूला काकांनी पेन्सिलने लिहिलंय, "बीसी १४९ लावला, चालतो." एवढंच. पण यात त्या काळचं सगळं आलं. मासिक लंडनचं, पार्ट लंडनच्या दुकानात मिळणारे, आणि बनवणारा माणूस डोंबिवलीत. मग शनिवारी ऑफिस सुटलं की लोकल पकडायची, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा, आणि खिशातल्या चिठ्ठीवरचा पार्ट नसला तर दुकानदार विचारणार, हा देऊ का, सेमच आहे. बीसी १४९ खरंच बीसी १०९ सारखाच होता, आतली चीज तीच, फक्त वरचं पॅकिंग धातूच्या टोपीऐवजी प्लॅस्टिकचं. पण हे तुम्हाला कोणीतरी सांगायला लागायचं, किंवा लावून बघायला लागायचं, आणि लावून बघितलेलं काकांनी पानोपानी लिहून ठेवलंय. कुठे डायोड बदलला, कुठे छापलेली रेझिस्टरची किंमत चुकलीये ती दुरुस्त केली, कुठे नुसतं "गरम होतो, हीटसिंक पाहिजे".

आम्ही पहिल्यांदा गेलो ते लायब्ररीकडे, सगळ्यांना तेच सुचतं. एका कॉलेजच्या लायब्ररीने नम्रपणे नाही म्हटलं. जागा नाही, आणि जुनी नियतकालिकं नोंदवून घ्यायची तर त्याला माणूस लागतो. मला त्यांचं पटलं, कारण ज्या वस्तूला कोणी हात लावणार नाही तिला कपाटात कोंबून काय मिळणार. मग ओळखीच्यांतले बरेच जण सांगायला लागले की काही झालं तरी संग्रह फोडू नका, एकत्र राहिला तरच त्याला किंमत. मला हे अजिबात मान्य नाहीये. हा संग्रह काकांच्या डोक्यात एकत्र होता, कारण प्रत्येक अंक त्यांनी वापरला होता. दुसऱ्या कोणाला ते सगळंच्या सगळं लागणार नाही. ज्याला जे लागतं त्याच्या हातात ते पडू दे, फक्त पडायच्या आधी जे दुसरीकडे कुठेच नाही ते वाचवायचं. आमचं सगळं काम या एका वाक्यावर चाललंय.

आता दुसरीकडे नाही असं काय, हे ठरवायला थोडा अभ्यास करावा लागला. वर्ल्ड रेडिओ हिस्टरी नावाची एक वेबसाइट आहे, तिथे वायरलेस वर्ल्ड, प्रॅक्टिकल वायरलेस यांचे ढीगभर जुने अंक स्कॅन करून फुकट ठेवलेत. वायरलेस वर्ल्डचा ऑक्टोबर १९४५ चा अंक, ज्यात आर्थर सी. क्लार्कने पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या उपग्रहांवरून रेडिओचे संदेश जगभर पोचवायची कल्पना मांडली, तो आज कोणीही मोबाइलवर वाचू शकतो. म्हणजे हे ब्रिटिश अंक कागद म्हणून छान आहेत पण त्यांच्यातला मजकूर सुरक्षित आहे. आपल्याकडचे अंक शोधायला बसलो तर विखुरलेलं काहीबाही मिळालं, सलग नाही. आणि काकांच्या पेन्सिलीतलं तर जगात एकच कॉपी. त्यामुळे स्कॅनरवर पहिला नंबर भारतीय अंकांचा, आणि मग कुठल्याही मासिकातलं काकांचा हात लागलेलं प्रत्येक पान.

[दृश्य: स्कॅनरवर पीसीबीचं पान, शेजारी स्टीलची पट्टी]

स्कॅनिंगमध्ये एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि बहुतेक लोक तिथे घाई करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. या मासिकांत सर्किटबरोबर पीसीबीचा, म्हणजे ज्यावर पार्ट बसवतात त्या तांब्याच्या रेषांच्या बोर्डाचा, नकाशा छापायचे, खऱ्या मापाचा, म्हणजे कार्बन पेपर ठेवून थेट तांब्याच्या बोर्डावर ट्रेस करायचा, रंगाने रेषा काढायच्या आणि फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायचा, रंगाखालचं सोडून बाकी तांबं विरघळून जातं. आयसीच्या, म्हणजे चिपच्या, शेजारच्या दोन पिनांमध्ये २.५४ मिलिमीटर अंतर असतं. चाळीस पिनांचा आयसी घेतला तर एका बाजूला वीस पिना, पहिलीपासून शेवटचीपर्यंत साधारण ४८ मिलिमीटर. प्रिंट काढताना फिट टू पेज, म्हणजे चित्र कागदात मावेल असं लहान करायचा पर्याय, चालू राहून गेला आणि चित्र तीन टक्के आकसलं, तर शेवटच्या पिनेपर्यंत जवळजवळ दीड मिलिमीटरची चूक जमते आणि आयसी बसतच नाही. डोळ्यांना पान एकदम बरोबर दिसतं बरं का. म्हणून आम्ही प्रत्येक पीसीबीच्या पानाशेजारी पट्टी ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करतोय, ती पट्टी फाइलमध्ये कायम राहील, पुढे कोणीही माप पडताळून बघू शकेल.

बाइंड केलेले व्हॉल्यूम जास्त त्रास देतात, आतल्या बाजूचा मजकूर शिवणीत जातो, आणि काच दाबली तर पाठ मोडते. ते मोबाइल स्टँडवर लावून फोटो काढून करतोय. गंजलेल्या पिना काढून टाकल्या, नाहीतर गंज कागद खातो. ग्लॉसी कागदाचे काही अंक एकदा ओले झालेले, त्यांची पानं कायमची चिकटलीयेत, ती ओढायला गेलं की छपाईच निघून येते, तेवढे मात्र गेले.

[दृश्य: गठ्ठ्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या]

आणि माणसं सापडली. सांगलीला एक जण जुने, ट्रान्झिस्टरच्या आधीचे काचेच्या व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करतात, त्यांच्याकडे मर्फीचा सेट खोलून ठेवलेला असतो आणि माहिती देणारं कोणी उरलेलं नसतं, त्यांना वायरलेस वर्ल्डचे पन्नास-साठच्या दशकातले अंक गेले. एसटी पार्सलने पाठवले, खर्च रद्दीच्या भावापेक्षा जास्त आला आणि तो त्यांनी आनंदाने दिला. क्यूएसटी सगळे एका हॅम ग्रुपकडे, ते नव्या मुलांना लायसन्सच्या परीक्षेला बसवतात आणि अँटेनाचे लेख आजही तसेच्या तसे उपयोगी पडतात, कारण वायरची लांबी आणि तरंगलांबी यांचं नातं काही बदललेलं नाही. पुण्याचा एक मुलगा स्वतः सिंथेसायझर बनवतो, तो एलेक्टरमधला फॉर्मंट नावाचा सिंथेसायझर शोधत आला होता, १९७७ चा, तो काकांकडे नाही. पण जुलै-ऑगस्टचे जोडअंक बघून तो तिथेच जमिनीवर बसला. एलेक्टर दर वर्षी युरोपातल्या उन्हाळ्यात एका अंकात शंभरावर छोटी छोटी सर्किट द्यायचं. काका त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि कुठलं चालतं, कुठलं नुसतं कागदावर चांगलं दिसतं हे सांगत राहिले, आम्ही ते सगळं रेकॉर्ड केलंय, पुढच्या भागात टाकतोय.

काकांची एक वही पण आहे, विषयवार. टायमर, बॅटरी चार्जर, इंटरकॉम, पाण्याच्या टाकीचा अलार्म, आणि समोर मासिक, महिना, पान. ती टाइप करून झाली आणि प्रत्येक पार्सलमध्ये तिची प्रिंट जातेय, म्हणजे सांगलीवाल्यांना कळेल की अमुक लेख पुण्याच्या मुलाकडे आहे.

अजून इलेक्ट्रॉनिक्स फॉर यूचे ऐंशीच्या दशकातले अंक उरलेत. त्यांचं स्कॅनिंग चालू आहे. आयटीआय, पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या कोणाला वर्गात ठेवायला हवे असतील, मुलांच्या हातात द्यायला, कपाटात नाही, तर सांगा. बिल्डिंग रिकामी करायची तारीख दिवाळीनंतरची आहे.