आमचं गाव सात आहे

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. तिळगूळ मिळाला ना सगळ्यांना? वडी कडक झाली आहे, मान्य. दात सांभाळा आणि गोड बोला.

मागच्या रविवारी आपल्या मराठी शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'माझे गाव'. प्रत्येकानं उठून गावाचं नाव सांगायचं आणि तिथं काय काय आहे ते सांगायचं. तुम्हाआम्हाला पाठ असलेलाच निबंध. एक मुलगी म्हणाली, सातारा, तिथं आजी असते. एकजण म्हणाला, एडिसन, तिथं डोसा मिळतो. मग सात वर्षांचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "आमचं गाव सात आहे. पण जूनमध्ये आम्ही नऊमध्ये जाणार."

बाईंना वाटलं, घराचा नंबर सांगतोय. थोड्या वेळानं उलगडा झाला. मुलगा शाळेचं दहापैकी रेटिंग सांगत होता. इथं घर ज्या हद्दीत, सरकारी शाळा तिथलीच.

कुणाचा मुलगा, ते विचारू नका. कुणाचाही असू शकतो. आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर गावाचं नाव कुठं निघतं? "त्यांनी दहात घर घेतलं", "आपण सातात अडकलोय", हेच त्याच्या कानावर पडणार. आपण अ तुकडीत होतो की ब तुकडीत, हे पन्नाशीतही न विसरलेली माणसं आहोत आपण. आता तुकडी अख्ख्या गावाची झाली आणि प्रवेशासाठी तीस वर्षांचं कर्ज, एवढाच फरक.

मार्चपासून लॉनवर 'घर विकणे आहे'च्या पाट्या लागतील. सप्टेंबरात शाळा सुरू व्हायच्या आत चावी हातात हवी म्हणून मे-जूनमध्ये आपली पळापळ होईल. शाळा बघून गाव कसं निवडावं यावर बोला, असं कार्यकारिणीनं सांगितलंय. बोलतो. पण तो 'सात' डोक्यातून जात नाही, त्यामुळे मधूनमधून तिकडे वळेन.

आधी हा सात येतो कुठून ते बघू. झिलो या घरविक्रीच्या साइटवर घराच्या फोटोखाली जो आकडा दिसतो, तो शाळांना गुण देणाऱ्या ग्रेटस्कूल्स या संस्थेचा. त्यात मुख्य भर राज्याच्या परीक्षेवर असतो. न्यू जर्सीत ही परीक्षा तिसरीपासून सुरू होते. त्यामुळे बालवाडी ते दुसरी एवढीच शाळा असलेल्या इमारतीत परीक्षाच नसते. मग आकडा दिसत नाही, आणि आपल्या पोटात गोळा येतो. २०२० साली त्यांनी पद्धत बदलली, मुलांच्या वर्षागणिक प्रगतीला जास्त वजन दिलं. शाळेची इमारत तीच, बाई त्याच, आणि आकडा मात्र हलू शकतो. तुमचं मूल आज दोन वर्षांचं असेल, तर आजचा आकडा बघून घर घेणं म्हणजे यंदाचा निकाल बघून सहा वर्षांनंतरची शाळा ठरवणं.

आकड्यापेक्षा कामाची गोष्ट फुकट मिळते. राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा 'स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट' काढतं. उत्तीर्णांचे टक्के आपण सगळे बघतो. त्याच्याशेजारी 'मीडियन स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल' असतं, ते बघा. आदल्या वर्षांत साधारण सारखेच गुण मिळवलेली राज्यातली मुलं एकत्र घ्यायची आणि त्यांच्यात हे मूल यंदा किती पुढं गेलं ते मोजायचं, असा त्याचा हिशेब. पन्नास म्हणजे मधोमध. चाळीस ते साठ म्हणजे चारचौघांसारखं.

समजा, एका शाळेत पंच्याऐंशी टक्के मुलं पास आहेत आणि ग्रोथ बेचाळीस. दुसरीत साठ टक्के पास आणि ग्रोथ त्रेसष्ट. पहिल्या शाळेत मुलं घरूनच वाचायला शिकून येतात. दुसऱ्या शाळेत बाई शिकवतात. पहिल्या शाळेतही बाई शिकवत असतील, पण उत्तीर्णांच्या टक्क्यांवरून ते कळत नाही. शनिवारच्या क्लासमधून आलेल्या गुणांचं श्रेय शाळेला, आणि शाळेच्या श्रेयाची किंमत घराला. म्हणजे क्लासची फी आपण भरायची, आणि तिच्यामुळे चढलेला घराचा भावही आपणच भरायचा. इतका हुशार समाज दुसरीकडे सापडणार नाही.

त्याच अहवालात गैरहजेरी बघा. दहा टक्के दिवस, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस बुडवणारी मुलं किती, तो आकडा. शिक्षक त्या गावात सरासरी किती वर्षं टिकलेत तेही बघा. दर दोन वर्षांनी निम्म्या बाई बदलत असतील, तर रेटिंग काहीही असो, त्या इमारतीत काहीतरी बिनसलंय. आणि एका वर्षाचा अहवाल बघून थांबू नका. तीन वर्षांचे शेजारी ठेवा. एका इयत्तेत साठ-सत्तर मुलं असलेल्या लहान शाळेत आठदहा मुलांमुळेही टक्के उडतात.

आता पत्ता. इथं आपले लोक दरवर्षी फसतात. घराच्या पत्त्यात 'प्रिन्स्टन' आहे म्हणून शाळा प्रिन्स्टनची नसते. ते नाव पोस्टाचं आहे. प्रिन्स्टन पत्ता असलेली घरं वेस्ट विंडसरमध्ये आहेत, प्लेन्सबरोत आहेत, साउथ ब्रन्सविकमध्ये, मॉन्टगोमेरीत आणि लॉरेन्समध्येही आहेत. उलटी गंमत क्रॅनबरीची. तिथं गावाची शाळा आठवीपर्यंतच, आणि हायस्कूलला मुलं प्रिन्स्टनला जातात. तेव्हा प्रॉपर्टी टॅक्सच्या नोंदीत टाउनशिप (म्हणजे खरं गाव) कोणती, ब्लॉक आणि लॉट नंबर काय, ते आधी बघायचं. मग स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, नोंदणी कार्यालयाला घर नंबरासकट ईमेल करायची: या पत्त्याला प्राथमिक, मिडल, हायस्कूल कोणतं? उत्तर लेखी घ्यायचं. हद्द कधी रस्त्याच्या मधून जाते, सम नंबर एका शाळेला आणि विषम दुसऱ्या. नकाशावर बोट ठेवून ठरवू नका.

त्याच ईमेलमध्ये आणखी दोन प्रश्न विचारा. हद्दी बदलायचा विचार चालू आहे का? आणि त्या शाळेत माझ्या मुलाच्या इयत्तेत जागा आहे का? वर्ग भरला की 'ओव्हरफ्लो' म्हणून मूल गावातल्याच दुसऱ्या शाळेत जातं. मोठी बहीण एका बसमध्ये, धाकटा दुसऱ्या. नवी अपार्टमेंट उभी राहत असतील तर हद्दी हलणार, हे धरूनच चाला. शाळेच्या मागे जाऊन ट्रेलर, म्हणजे जागा पुरत नाही म्हणून उभे केलेले तात्पुरते वर्ग, मोजा. दोन असतील तर ठीक, सहा असतील तर डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या बोर्डाची इतिवृत्तं वाचा.

एजंटला हे विचारून उपयोग नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे ते जपून बोलतात. 'ही शाळा चांगली, ती वाईट' म्हटलं, तर गिऱ्हाइकाला वंशावरून एखाद्या वस्तीकडे वळवल्याचा अर्थ निघू शकतो. म्हणून ते गप्प राहून वेबसाइटकडे बोट दाखवतात. मग आपण व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतो. तिथं कुठलाच कायदा लागू नाही. "त्या शाळेत क्राउड कसा आहे?" हा प्रश्न आपण किती सहज टाइप करतो! क्राउड म्हणजे काय, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. मुलाला अजून माहीत नाही. त्याला फक्त सात माहीत आहे.

कर. न्यू जर्सीत घराच्या करातला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांना जातो. १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर या तारखा तुम्हाला घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या असतील. नवं बांधकाम घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. जाहिरातीतला कर बऱ्याचदा नुसत्या जमिनीचा असतो. राहायला गेल्यावर घराचं मूल्यांकन होतं, ऑक्टोबरात 'ॲडेड असेसमेंट'चं, म्हणजे नव्या बांधकामावरच्या कराचं, वेगळं बिल येतं आणि पुढं बँक एस्क्रो, म्हणजे हप्त्यासोबत घेतली जाणारी कराची रक्कम, वाढवते. आधीच ताणून बसवलेला हप्ता तिथं तुटतो.

२०१० च्या कायद्यानं स्थानिक कराच्या वाढीवर दरवर्षी दोन टक्क्यांची मर्यादा आहे. काही खर्च त्यातून वगळलेले आहेत, पण मुख्य गणित तेच. पगार आणि आरोग्य विमा दोन टक्क्यांत बसत नाही, आणि राज्याची मदत घटली की बोर्ड काटछाट करतं. आधी कशाला कात्री लागते? बस, क्लब, ग्रंथपाल, मग वर्गातली मुलांची संख्या. हे सगळं डिस्ट्रिक्टच्या साइटवरच्या 'युजर फ्रेंडली बजेट'मध्ये दिसतं. रेटिंगमध्ये ते पोचेपर्यंत दोनतीन वर्षं गेलेली असतात.

बसवरून आठवलं. प्राथमिक शाळा दोन मैलांपेक्षा लांब असेल, हायस्कूल अडीच मैलांपेक्षा, तरच बस देणं गावावर बंधनकारक आहे. त्याच्या आत काही गावं मेहेरबानी म्हणून देतात, काही पैसे घेतात, काही देत नाहीत. शाळा पावणेदोन मैलांवर, मध्ये फुटपाथ नसलेला रस्ता, आणि आईवडील दोघंही नोकरीला: या घराचं रेटिंग दहा असलं तरी रोज दुपारी तीन वाजता ते शून्य होतं. बालवाडी पूर्ण दिवसाची की अडीच तासांची, शाळेनंतरच्या पाळणाघराला वेटिंग लिस्ट किती, हेही ऑफर टाकायच्या आधी विचारा. बालवाडीची नोंदणी बऱ्याच गावांत याच दिवसांत सुरू होते. १ ऑक्टोबरपर्यंत पाच पूर्ण होणाऱ्यांनी उद्याच फोन करावा.

ज्यांच्या मुलाला जास्तीची मदत लागते, त्यांच्यासाठी रेटिंग जवळजवळ निरुपयोगी आहे. तुम्ही तपासणीची लेखी मागणी केलीत की डिस्ट्रिक्टनं वीस दिवसांत बैठक घ्यायची असते. ते खरंच घेतात का, आणि आपल्या इमारतीत सोय करतात की मुलाला लांब पाठवतात, हे त्या गावातल्या पालकांनाच विचारा. आपल्यात असे पालक आहेत. ते मेळाव्याला कमी येतात. का कमी येतात, याचा विचार आपण केलेला नाही.

खात्री नसेल तर वर्षभर भाड्यानं राहा. भाड्याच्या घरातलं मूल त्याच शाळेत, त्याच बाकावर बसतं. भाडेकरार, विजेचं बिल, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड एवढ्यावर नोंदणी होते. व्हिसा कोणता हे शाळा विचारू शकत नाही. पण मावसभावाचा पत्ता देऊन प्रवेश घेऊ नका. पकडलं तर सुनावणी होते आणि जितके दिवस मूल बसलं तितक्या दिवसांची फी मागतात. मावसभाऊ तेव्हा फोन उचलत नाही.

आणि एक जुनी गोष्ट, इथल्या पुष्कळांना आठवत असेल. २०१५ साली वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या शाळांच्या अधीक्षकांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. मुलांवरचा ताण हाताबाहेर चाललाय, असं त्यात होतं. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा त्यांनी बंद केल्या. त्यावरून पालकांत दोन तट पडले. आपल्यातले बरेच जण कुठल्या तटात होते, ते सांगत नाही, सणाचा दिवस आहे. ज्या गावांकडे आपण 'वरचे' म्हणून बघतो, त्यांतल्या एका गावाची ही गोष्ट. मुलाची झोप किती होते, याचा रकाना त्या आकड्यात नाही.

थोडं रागावू का? आपण घर घेताना शाळेबद्दल पीएच.डी. करतो. घर घेतल्यावर बोर्डाच्या सभेला किती जण जातो? सभा सगळ्यांना खुली असते, बोर्डाचे सदस्य बिनपगारी असतात, तीन वर्षांसाठी निवडून येतात. त्यांच्या निवडणुकीत मतपत्रिकेच्या तळापर्यंत आपण पोचत नाही. मुलगा बारावी झाला की जूनमध्ये आपल्याच लॉनवर पाटी. एकानं गाव घेतलं, वापरलं, पुढच्याला विकलं. हे ऑडिटोरियमही एका सरकारी हायस्कूलचंच. तुमच्यापैकी किती जणांनी पार्किंगमध्येच फोन काढून याचा नंबर बघितला? हात वर करू नका. कळलं.

त्या मुलाकडे परत येतो. बाईंनी त्याला विचारलं होतं, "बरं, सातमध्ये काय काय आहे?" तो भराभर बोलला. घरामागं ओढा आहे, ओढ्यात कासव आहे, बसवाले काका वाढदिवसाला हॉर्न वाजवतात, आर्याचं घर समोर आहे. "आणि नऊमध्ये?" तर म्हणाला, "मोठ्ठं बेसमेंट."

आर्या त्याच वर्गात, त्याच्याच शेजारी बसते. ती कुठं जाणार नाही. तिच्या आईवडिलांनी गाव बदलायचं नाही असं ठरवलंय, त्यांची त्यांची कारणं आहेत. घरी जाताना गाडीत तिनं आईला विचारलं, "आपण सातच राहणार का?"

आईला उत्तर देता आलं नाही. तिनं रात्री बाईंना फोन केला, बाईंनी मला. मलाही सुचलेलं नाही. आई आज इथंच आहे, मागच्या रांगेत. चहा तयार आहे म्हणतात. कुणाला काही सुचलं असेल, तर तिला जाऊन सांगा.