तुम्ही बसा, आम्ही करतो

(दृश्य : पहाट. कोल्हापुरातल्या पेठेतली तालीम. लाल मातीचा हौदा.)

पहाटेचे साडेपाच. हौद्यात दोन पोरांची खडाखडी चाललीय. ताक, तेल, हळद आणि कापूर मुरलेल्या मातीचा वास तालमीत भरून राहिलाय. काठावर, भिंतीला पाठ टेकून वस्ताद बसलेत. सत्तरी कधीच ओलांडलीय. कान कुस्तीनं चुरगळलेले, गुडघे कामातून गेलेले. हौद्यात उतरणं बंद होऊनही बरीच वर्षं झाली.

मध्येच ते म्हणतात, "उजवा पाय मागं घे, पट जाईल."

पोरगा ऐकत नाही. दुसऱ्याच क्षणी समोरच्यानं पाय धरून त्याचा पट काढलेला असतो.

त्या पोराच्या अंगात वस्तादांच्या दसपट चपळाई आहे. तरीही पुढं काय होणार, ते आधी कळलं वस्तादांना. रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात बुद्धीचे दोन प्रकार वेगळे केले. नवा पेच झटक्यात सोडवणं, चार गोष्टी एकदम डोक्यात धरणं ही एक बुद्धी. ती तरुणपणानंतर हळूहळू उतरू लागते. दुसरी साठत जाणारी : शब्द, अनुभव, माणसांची पारख, कामाची जाण. ही बुद्धी साठी-सत्तरीपर्यंत बहुतेकांची टिकून राहते, कित्येकांची वाढतेसुद्धा. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण फार तर पहिल्या बुद्धीपुरती खरी आहे.

अर्थात साठलेल्या बुद्धीलाही मर्यादा असते. कोल्हापूरनं ती ऑगस्ट २०१९ मध्ये पाहिली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. इथल्या जुन्या माणसांना १९८९ चा आणि २००५ चा पूर पायरी-पायरीनं पाठ आहे. "२००५ ला आपल्या उंबऱ्याला पाणी शिवलं नव्हतं," या भरवशावर अनेक घरं हललीच नाहीत. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. म्हणजे अनुभवाला ताज्या माहितीची जोड लागते. आणि घरातल्या ज्या माणसाला रोजच्या बोलण्यातून, निर्णयांतून, बातम्यांतून बाजूला ठेवलं जातं, त्याच्यापर्यंत ती ताजी माहिती पोचणार कुठून?

(दृश्य : शिवाजी पेठेतलं घर. सोपा.)

हे बाजूला ठेवणं दर वेळी तिरस्कारातून होत नाही. बहुतेकदा ते मायेतूनच होतं. आजी सोप्यात बसल्यात. आतून सूनबाई मेथीची जुडी घेऊन येते आणि त्यांच्यासमोरून पलीकडं नेते.

"आण की हिकडं, मी निवडतो."

"ऱ्हाऊ दे आई, तुम्ही बसा. आम्ही करतो."

सुनेचं मन साफ आहे. सासूबाईंनी आयुष्यभर कष्ट काढले, आता त्यांना विश्रांती मिळावी, एवढंच तिला वाटतं. पण दिवसभरात हे वाक्य किती वेळा ऐकू येतं, ते मोजा. देवपूजेची फुलं काढताना, दुधाचा हिशेब लिहिताना, नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायला निघताना. महिन्या-दोन महिन्यांत आजीच्या हातातली सगळी कामं सुटतात आणि मग घरचेच म्हणतात, "आई हल्ली गप्प गप्प असतात."

यावरचा एक प्रयोग सगळ्यांना माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात तो केला आणि १९७६ साली प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं : तुमची खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, ते तुम्ही ठरवा. हे झाडाचं रोप हवं असेल तर निवडून घ्या, पाणीही तुम्हीच घाला. सिनेमा कोणत्या रात्री बघायचा, तेही तुम्हीच सांगा. दुसऱ्या मजल्यावर रोप मिळालं, सिनेमाही मिळाला. मात्र रोपाला पाणी परिचारिका घालणार होत्या आणि सिनेमाचा दिवस ठरवून दिला होता. बोलण्याचा सूर असा, की तुमची काळजी आम्ही घेऊ. माया दोन्हीकडं सारखीच होती. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हुशारीत, जास्त बोलकी आणि हिंडती-फिरती झालेली दिसली. दीड वर्षानं पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले १५ टक्के लोक वारले होते, दुसऱ्यातले ३० टक्के. एकेका गटात पन्नासाच्या आतच माणसं होती, त्यामुळं या शेवटच्या आकड्यावर फार भार टाकू नये. मनाच्या उभारीचं निरीक्षण मात्र विचार करायला लावणारं आहे. एवढा फरक पडला कशानं? एका रोपाच्या जबाबदारीनं आणि थोड्याशा निवडीच्या हक्कानं.

मेथीची जुडी म्हणजे आजीचं रोपच आहे.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली माणसाच्या मनाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. वाढ म्हणजे बालपण, अशी समज तेव्हा रुजलेली होती. एरिक्सन यांनी ती वाढ थेट म्हातारपणापर्यंत नेली. त्यांच्या मांडणीत मध्यमवयातली ओढ असते पुढच्या पिढीसाठी काही घडवण्याची. शेवटच्या टप्प्यातला झगडा वेगळा असतो. जे जगलो ते बऱ्यावाईटासकट आपलं म्हणून कवेत घेता येतंय, की 'सगळं फुकट गेलं' ही हळहळ उरतेय? स्वतः ऐंशीच्या घरात असताना एरिक्सन यांनी, पत्नी जोन आणि सहकारी हेलन किव्हनिक यांना सोबत घेऊन, ऐंशी पार केलेल्या २९ जणांशी दीर्घ बोलणी केली. १९८६ साली ते काम प्रसिद्ध झालं. त्यात त्यांचा भर होता तो जगण्यात गुंतून राहण्यावर. नातवंडात, बागेत, शेजारपाजारात, कलेत. कशातही, पण गुंतून.

(दृश्य : सुभाषनगर. चप्पल कारागिरांची गल्ली.)

गुंतून राहायचं म्हटलं तरी शरीर साथ द्यायला हवं ना? इथं दारात बसलेल्या या मावशींचे हात बघा. कोल्हापुरी चपलेची वेणी घालतायत. चामड्याच्या बारीक वाद्या, एकीवर एक. पूर्वी पट्टा, कान, अंगठा, शिलाई, सगळंच हातून व्हायचं. आता डोळ्यांना शिलाई दिसत नाही, म्हणून ती सोडली. धरून ठेवली ती फक्त वेणी. तीही सकाळी, अंगणात ऊन असेपर्यंतच. वाद्या कापून द्यायला नात आहे.

पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९९० मध्ये नेमकं हेच मांडलं. थोड्या गोष्टी निवडा, त्यांवर जास्त मेहनत घ्या, उणीव असेल तिथं दुसरी सोय लावा. त्यासाठी पियानोवादक आर्थर रुबिनस्टाईन यांचं उदाहरण दिलं जातं. ऐंशीव्या वर्षी ते कमी रचना वाजवत, त्यांचा सराव जास्त करत आणि द्रुत भागाच्या आधीची लय मुद्दाम संथ ठेवत. मग पुढचा भाग आपोआप वेगवान भासे. सुभाषनगरातल्या मावशींना हे कुणी शिकवलेलं नाही. त्यांच्या घरानं एक गोष्ट बरोबर केली : डोळे गेले म्हणून कामच काढून घेतलं नाही.

(दृश्य : रंकाळा तलाव. सकाळचा फेरा.)

रंकाळ्यावर चालायला येणाऱ्यांत आजोबांचे घोळके ठरलेले असतात. चार-पाच जण, तोच कठडा, तेच विषय. राजकारण, साखर, पेठांचा फुटबॉल. घरी मुलांची तक्रार असते, "बाबा लग्नाकार्याला यायला नको म्हणतात, माणसं नकोशी झालीत त्यांना."

ते माणूसघाणे झालेले नसतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेनसन यांचं संशोधन सांगतं, की पुढचा काळ मर्यादित आहे ही जाणीव झाली की माणूस ओळखीपाळखीचा पसारा आवरतो आणि जिव्हाळ्याची माणसं जवळ करतो. गंभीर आजारातल्या तरुणांमध्येही हेच दिसलं, म्हणजे हा वयापेक्षा काळाच्या जाणिवेचा भाग आहे. रोजच्या जगण्यातला राग, चिडचिड, धास्ती ही म्हाताऱ्यांमध्ये तरुणांपेक्षा कमी आढळते, हेही अनेक पाहण्यांत दिसलंय. ऐकून नवल वाटतं खरं. तेव्हा चारशे पानांच्या लग्नाला नाही म्हटलं तर म्हणू द्या. कठड्यावरचा मित्र मात्र चुकवू देऊ नका.

आता एक गोष्ट अगदी स्पष्ट बोलायला हवी. कमी माणसांत रमणं वेगळं आणि कशातच न रमणं वेगळं. "मला उदास वाटतं" असं आपल्याकडचे वडीलधारे क्वचितच म्हणतात. ते म्हणतात, अंग दुखतंय. जेवण जात नाही. पहाटे तीनला जाग येते. कशाला जगतोय, कळत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ हे रोज चाललं असेल, तर "वय झालं, चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका. नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नाही, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टर थायरॉइड, बी-१२, चालू असलेल्या गोळ्या हे सगळं तपासतात, कारण त्यांमुळंही अशी लक्षणं दिसतात. कानही तपासून घ्या. ऐकू कमी आलं की माणूस बोलण्यातून अंग काढून घेतो आणि आपल्याला वाटतं, विसरभोळा झाला. पुढं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण वेळीच टाळता येणाऱ्या कारणांत बहिरेपणाची गणना होते. मानसिक त्रासासाठी १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी फोन-सेवेचा क्रमांक आहे, ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७. दोन्ही मोफत.

आणि जे अंथरुणाला खिळलेत, त्यांचं काय? पतीच्या मागे जोन एरिक्सन यांनी, स्वतः नव्वदी पार केल्यावर, आठ टप्प्यांना नववा जोडला. शरीर दगा देतं तेव्हा दुसऱ्यावर विसंबण्याचा, लहानपणी शिकलेला विश्वास पुन्हा नव्यानं शिकावा लागतो, असं त्यांनी लिहिलं. तिथंही निवड शिल्लक असते. आधी चहा की आधी तोंड धुणं? खिडकी उघडी की बंद? आकाशवाणी लावायची की अभंग? विचारायला अर्धं मिनिट लागतं.

(दृश्य : राजारामपुरी. संध्याकाळ. फोन वाजतो.)

इथं एक आप्पा एकटे राहतात. उद्यमनगरात लेथवर आणि ऑईल इंजिनांवर उभी हयात गेली. मुलगा पुण्यात. रोज फोन येतो, रोज तेच. "आप्पा, जेवलासा काय? बीपीची गोळी घेतली न्हवं?" आप्पा "हो" म्हणतात. दोन मिनिटांत बोलणं संपतं.

आज मुलानं वेगळंच विचारलं. सोसायटीच्या पाण्याची मोटर जळालीय. नवी घ्यायचीय. किती एचपीची घेऊ?

आप्पांनी चष्मा लावला. कॅलेंडरची मागची बाजू पुढं ओढली.

"टाकी कितव्या मजल्यावर हाय?"

"चौथ्याच्या वर."

"पाईप दीड इंची का दोन? आणि जुनी कशानं जळाली, ते बघितलंस का आधी? एक काम कर, तिचा फोटो पाठव. तोवर मिस्त्रीला पैसे देऊ नको."