कारण विचारलं तर उत्तर देणारं माणूस पाहिजे

नमस्कार मंडळी. सकाळची वेळ आहे, फर्स्ट शिफ्टची माणसं आत गेली असतील, नाईटची बसमधून घरी परतायली असतील, आणि कुणीतरी चहा उकळत ठेवून ऐकत असेल. मी 21 वर्षं झाली संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एचआरचं काम करतेय, म्हणजे पूर्वी ज्याला पर्सोनेल म्हणायचे ते, भरती, हजेरी, पगार, रजा, पीएफ, भांडणं, सगळं त्यात आलं. आजकाल जो भेटतो तो एकच विचारतो, मॅडम, एआय आलं, आता आमच्या नोकऱ्या जाणार का? प्रश्न बरोबर आहे, पण मला त्याच्या आधीच्या प्रश्नाबद्दल बोलायचंय. नोकरी कुणाला द्यायची, प्रमोशन कुणाचं करायचं, नोटीस कुणाला काढायची हे जिथं ठरतं त्या टेबलावरच आता सॉफ्टवेअर येऊन बसलंय, आणि त्याबद्दल आपल्याकडं कुणी फारसं बोलत नाही.

आधी कसं होतं तेही सांगते, कारण जुनं सगळं चांगलंच होतं असं नाही. 1985 ला बजाजचा कारखाना वाळूजला आला, त्याच्या मागं सुटे भाग बनवणारे छोटे-मोठे कारखाने उभे राहिले आणि गंगापूर, पैठण, वैजापूर, कन्नडची लेकरं गेटवर येऊन उभी राहायला लागली. मी कामाला लागले तेव्हासुद्धा वॉचमनकडं बायोडाटाचा गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवलेला असायचा. त्यातला कोणता वर यायचा? ज्याचा मामा, मेव्हणा, गाववाला आत कामाला आहे त्याचा. ज्याचं कुणीच नाही त्याचा कागद तळाशी राहून पिवळा पडायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्याकडं बायोडाटा वाचणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, की बाबा मशीनला मामा-मेव्हणा नसतो, आता ज्याच्या हातात कसब आहे तोच वर येईल.

तसं झालं नाही. का झालं नाही ते एका पोरीच्या अर्जावरून सांगते, नाव सांगत नाही. बीड जिल्ह्यातली, आईबाप ऊसतोडीला जाणारे, तिनं आयटीआय केलं, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, चांगले मार्क. आमच्याकडं असेंब्ली लाईनला जागा निघाल्या, तिनं ऑनलाईन अर्ज भरला आणि दुसऱ्या दिवशी तिला मेल गेला, आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. असे मेल शेकडो जातात, लोक वाचून गप्प बसतात, पण हिनं उलटून लिहिलं, अगदी साध्या मराठीत, "मॅडम, काय कमी पडलं तेवढं सांगा, म्हणजे मी शिकून घेईन."

तिला उत्तर द्यायला बसले आणि माझ्या लक्षात आलं की मलाच माहीत नाही. तिचा अर्ज माझ्यापर्यंत आलाच नव्हता. सॉफ्टवेअर सगळे अर्ज वाचून प्रत्येकाला मार्क देतं, वरचे 40 मला दाखवतं, बाकीचे खाली. मी खाली जाऊन तिचा शोधून काढला. तालुक्याच्या ठिकाणी नेट कॅफेत बनवून घेतलेला, कडेनं नक्षीची बॉर्डर, एका बाजूला फोटो, दोन रकाने. आता हे सॉफ्टवेअर वाचताना डावीकडून उजवीकडं सरळ ओळ वाचत गेलं, म्हणजे तिच्या ट्रेडचं नाव एका रकान्यातलं अर्धं आणि दुसऱ्या रकान्यातला पत्ता असं एकत्र झालं, आणि जो शब्द ते शोधत होतं तो त्याला सापडलाच नाही. हे एक. दुसरं म्हणजे तिच्या कामाच्या नोंदीत दोनदा पाच-पाच महिन्यांचा खंड होता, दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, लागोपाठ दोन वर्षं. सॉफ्टवेअरनं त्यावर शेरा मारला होता, टिकण्याची शक्यता कमी.

मंडळी, दिवाळीनंतर ते मार्च. मराठवाड्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, बीडच्या पोरीच्या कागदावर हे महिने रिकामे असले तर त्याचा अर्थ काय, तो एका सेकंदात सांगेल. आईबाप कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडं गेलेत आणि ही मागं किंवा सोबत धाकट्या भावंडांना सांभाळायलीय. ही पोरगी टिकणार नाही? जिनं असल्या परिस्थितीत दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला ती?

मशीनला यात दोष देऊन उपयोग नाही, ते शिकतं कसं ते समजून घ्यायला पाहिजे. आपण पूर्वी कुणाला घेतलं, कोण टिकलं, कुणाला वर चढवलं, हा जुना हिशोब त्याला दिला जातो आणि ते त्याच्यातून ठरवतं की चांगला उमेदवार असा दिसतो. म्हणजे आपल्या जुन्या सवयीच ते पाठ करतं. अ‍ॅमेझॉनसारख्या कंपनीचं हेच झालं. त्यांनी 2014 पासून असं एक टूल बनवायला घेतलं, 10 वर्षांचे जुने बायोडाटा त्याला शिकवले, त्यात बहुतेक पुरुषांचे, तर त्यानं बायोडाट्यात 'महिलांचा' अशा अर्थाचा शब्द दिसला की मार्क कमी करायला सुरुवात केली. शेवटी त्यांनी ते बंद केलं आणि 2018 ला बातमी बाहेर आली. न्यूयॉर्क शहरानं तर कायदाच केला, जुलै 2023 पासून असं टूल भरतीत वापरायचं असेल तर बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचं की ते कुठल्या गटावर अन्याय करत नाही ना. आपल्याकडं तपासायचं ठरवलं तर फक्त बाई-पुरुष बघून भागणार नाही, ऊसतोडीचे महिने, गावाचं नाव, मराठी मीडियम हेही बघावं लागेल.

आता आत कामाला लागलेल्यांचं. हजेरीचं पंचिंग, उशिरा येणं, ओव्हरटाईमला नाही म्हणणं, रजा, हे सगळं जोडून आता एक स्क्रीन, म्हणजे डॅशबोर्ड, तयार होते, त्यात नावापुढं हिरवा, पिवळा, लाल रंग येतो, लाल म्हणजे हा माणूस सोडून जाणार. आमच्याकडं एका वेल्डरचं नाव लाल झालं, नऊ वर्षांचा अनुभव, हातात अशी सफाई की त्यानं जोडलेला भाग खराब म्हणून परत आलेला मला आठवत नाही. वरच्या मीटिंगमध्ये ठरायला लागलं की ट्रेनिंगला याला पाठवू नका, जाणारच आहे तर खर्च कशाला. मी त्याच्या सुपरवायझरला विचारलं, तो म्हणाला, मॅडम त्याची साडेतीन एकर सोयाबीन आहे, मजूर मिळंना, पाऊस डोक्यावर, म्हणून दहा दिवस गेला, दरवर्षी जातो. म्हणजे लाल रंग सोयाबीनचा होता! हा सुपरवायझर बारावी शिकलेला आहे, त्याला डॅशबोर्ड नीट उघडताही येत नाही, पण मला विचाराल तर लीडर तोच, कारण त्याला कारण माहीत होतं.

आणि हे फक्त मायेपोटी बोलत नाही, कायद्याचंही आहे. कामगाराला गैरवर्तनावरून काढायचं असेल तर चार्जशीट द्यावी लागते, त्याचा खुलासा घ्यावा लागतो, चौकशी होते, त्यात कंपनीच्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायचा त्याला हक्क असतो. आता साक्षीदार म्हणून स्कोअर उभा केला तर त्याला प्रश्न कोण विचारणार आणि उत्तर कोण देणार? कंपन्या म्हणतात, शेवटी सही तर माणूसच करतो ना. अहो, पण कशी करतो? नेदरलँडमध्ये उबरच्या ड्रायव्हरांनी केस केली होती, की आम्हाला कॉम्प्युटरनंच काढून टाकलं, कंपनी म्हणाली आमच्या माणसांनी बघितलं होतं, तर 2023 च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या अपील कोर्टानं म्हटलं की ते बघणं नुसतं नावापुरतं होतं. मी ते वाचलं तेव्हा माझ्याच सह्या मला आठवल्या. त्या पोरीला गेलेल्या मेलखाली नाव माझंच होतं ना.

चांगलंही पुष्कळ व्हायलंय, ते लपवत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं पीएफमध्ये एक आणि आधारवर दुसरं नाव असतं, त्यासाठी बिचाऱ्या अर्धा दिवस खाडा करून माझ्या टेबलापुढं उभ्या राहायच्या, आता रात्री 11 ला मोबाईलवर एआयला मराठीत विचारलं तरी कोणते कागद लागतील ते कळतं. प्रेसशॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या-कापणाऱ्या मशीनवरच्या सूचना ओडिया, हिंदीत करून मिळतात, बाहेरून आलेल्या पोरांची बोटं वाचायला त्याची मदत होते, याच्यासाठी तर मी हात जोडते. पण वॉर्निंग लेटर एआयकडून लिहून घेणारे साहेब मी बघितलेत, एकदम गुळगुळीत इंग्रजी, ज्याला दिलं त्याला कळलं नाही आणि ज्यानं दिलं त्यानंही नीट वाचलं नव्हतं. ज्याला रागवायचंय त्याला समोर बसवून बोला ना, दहा मिनिटं लागतात. चेहरा बघून माणूस खूश आहे का वैतागलाय हे सांगणारे कॅमेरेही निघालेत, युरोपात वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण सोडलं तर कामाच्या ठिकाणी ते वापरायला 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे. आपल्याकडं 2023 चा माहिती संरक्षणाचा कायदा आहे, पण स्कोअर कसा काढला ते कामगाराला सांगायचं, एवढी साधी सवय आपली आपण लावून घ्यायला कायद्याची वाट कशाला बघायची.

एचआरमधली जी मंडळी ऐकायलेत त्यांना माझी एकच विनंती, दर सोमवारी खाली ढकललेल्यातले दहा अर्ज काढून स्वतः वाचा, सगळे नका वाचू, दहाच. मी वर्षभर करतेय, त्यातून सहा माणसं आत घेतलीत आणि एकाचंही वाईट वाटलं नाही. आणि अर्ज करणाऱ्या लेकरांनो, बायोडाटा साधा ठेवा, एकाच रकान्यात, नक्षी नको, मार्कशीटचा फोटो चिकटवू नका, ट्रेडचं नाव सर्टिफिकेटवर आहे तसंच लिहा, आणि मधे खंड असेल तर एका ओळीत खरं कारण लिहून टाका, लाजू नका.

त्या पोरीला मी बोलावून घेतलं, टेस्ट घेतली, सोल्डरिंग इतकं स्वच्छ की लाईनचा इंजिनिअर बघतच राहिला. आता ती आमच्याकडं आहे. यंदा मार्चमध्ये अर्ध्या दिवसाच्या रजेचा फॉर्म घेऊन आली. त्याच्यावर 'कारण' असा एक रकाना असतो, प्रत्येकाला भरावाच लागतो. तिनं लिहिलं होतं, आईबाप तोडीहून परत यायलेत, स्टँडवर उतरून घ्यायला जायचंय. मी वाचलं आणि सही केली. नमस्कार.