अवामच्या देवळातले नवस

श्रोतेहो, नमस्कार. येमेनमधल्या मारिब गावाजवळ वाळूत अर्धेअधिक गाडले गेलेले एक देवालय आहे. मारिब ही प्राचीन सबा राज्याची राजधानी, आणि हे देवालय सबाचा प्रमुख देव अलमकाह याचे. त्याचे जुने नाव अवाम. पुढच्या लोकांनी सबाच्या राणीच्या आठवणीने त्याला महरम बिल्कीस म्हटले. १९५१-५२ मध्ये वेंडेल फिलिप्स यांच्या अमेरिकी मोहिमेने इथली वाळू उपसायला घेतली, तेव्हा लेख कोरलेले दगड ओळीने बाहेर येऊ लागले. लिपी मुस्नद : एकोणतीस व्यंजने, स्वरांना चिन्हे नाहीत, आणि दोन शब्दांच्या मध्ये एक उभी रेघ. त्यामुळे देवाचे नाव आपण ‘अलमकाह’ म्हणतो खरे, पण तो उच्चार अभ्यासकांच्या अंदाजाचाच आहे.

यांतले बहुतेक लेख नवस फेडल्याचे आहेत. अमुकाचा मुलगा अमुक याने अवामचा स्वामी अलमकाह याला ही काशाची मूर्ती अर्पण केली, अशी सुरुवात ठरलेली असते. मूर्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देव येतो; इथे मात्र ‘सलम’ म्हणजे देणाऱ्याची स्वतःची आकृती, आणि देणारी बाई असेल तर ‘सलमत’. पुढे कारण येते : लढाईतून जिवंत परतलो, दुखण्यातून उठलो, पाऊस वेळेवर झाला, धडधाकट मुलगे झाले. आणि शेवटी, उपकार फेडून झाल्याबरोबर, नवी मागणी! जवळच्या आणि दूरच्या, माहीत असलेल्या आणि नसलेल्या शत्रूच्या वाईट चिंतण्यापासून देवाने राखावे, ही तर कितीतरी लेखांत आढळते. न दिसणाऱ्या दुष्टाव्याचे हे भय मला या साऱ्या मजकुरात सर्वांत ओळखीचे वाटते.

ज्या मूर्तींविषयी हे दगड बोलतात, त्यांतल्या बहुतेक आज नाहीत. धातूला मोल असल्याने तो वितळवला जातो, दगड मागे राहतो; म्हणून अनेक बैठकींच्या माथ्यावर पावले बसवण्याच्या खोबणी तेवढ्या दिसतात. अवाममध्ये मिळालेला मादीकरिब नावाच्या माणसाचा कांस्यपुतळा हा भाग्यवान अपवाद. पाठीवर सिंहाचे कातडे, त्याचे पंजे छातीवर गाठ मारून घेतलेले, आणि अंगावर लेख.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तर एक नुसताच हात आहे, कांस्याचा, जवळजवळ खऱ्या मापाचा, उजवा. वहब तालब नावाच्या माणसाने तो जफार नगरातल्या देवळात तालब या देवाला आपल्या क्षेमासाठी वाहिला, असे हाताच्या पाठीवरच कोरले आहे. वहब तालब म्हणजे ‘तालबाने दिलेला’. देवाने दिलेल्याने देवाला आपला हात दिला. नखे, शिरा, किंचित वाकलेली करंगळी इतकी नेमकी उतरली आहेत की तो कोणाचाही हात वाटत नाही, एकाच माणसाचा वाटतो.

जौफ खोऱ्यातल्या हराम गावी वेगळ्याच प्रकारचे लेख मिळाले. तिथे स्त्री-पुरुषांनी देवळात अशुद्ध अवस्थेत शिरल्याची, विटाळाचे नियम मोडल्याची कबुली दिली आहे, दंड सोसल्याचे लिहिले आहे आणि हे सगळे चारचौघांत वाचता येईल असे कोरून लावले आहे. नवस फेडल्याचे जाहीर करणे समजते. चूक जाहीर करण्याला मात्र मोठेच धैर्य लागले असेल, किंवा भीती.

देवापुढे जळायचा तो धूप. लोबान आणि आपण ज्याला हिराबोळ म्हणतो तो, या दोहोंच्या व्यापारावर सबा आणि दक्षिण अरबस्तानातली इतर राज्ये श्रीमंत झाली. घनाकृती धुपाटण्यांच्या चार बाजूंवर कधीकधी सुगंधी द्रव्यांची नावे कोरलेली असतात, आणि त्यांत ‘क्स्ट’ हा शब्द येतो. हेच संस्कृतातले कुष्ठ, आपल्याकडचे कोष्ठ. ते हिमालयातले मूळ, म्हणजे लोबानाच्या देशातही धुपासाठी काही माल आपल्या बाजूने जात होता.

इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात हिम्यरच्या, म्हणजे सबाही ज्यांच्या ताब्यात गेले होते त्या येमेनमधल्याच राज्याच्या, राजांनी एकेश्वरवाद स्वीकारला. तेव्हापासून लेखांत ‘रहमानान’, आकाशाचा स्वामी, एवढाच देव उरतो, आणि अवाममध्ये नवा सलम कोणी उभा केल्याचे दगड बोलत नाहीत.