गुलमर्गचा बर्फ तारीख बघून पडत नाही

मंडळी, ७ जूनच्या आसपास मृग लागतो, म्हणून परभणीतला शेतकरी त्याच दिवशी तिफण धरत नाही. ओल किती खोल गेली, ते तो आधी उकरून बघतो. बर्फ बघायला गुलमर्गला निघालेले आपलेच लोक मात्र दिवाळीतच नाताळच्या सुट्टीचं बुकिंग करून मोकळे होतात. तिथं पोचल्यावर वाळलेलं पिवळं गवत दिसतं, आणि लेकरांचा हिरमोड होतो.

गुलमर्ग आहे साधारण २,६५० मीटरवर. तिथून गोंडोला, म्हणजे तारेवरून चालणारा पाळणा, आधी कोंगडोरीच्या थांब्याला नेतो आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगराच्या उतारावर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत. एवढ्या चढात हवा पार बदलते. खाली पावसाची भुरभुर चालू असताना वर बर्फ पडत असतो. म्हणून फोनवर नुसतं ‘बर्फ आहे का’ असं विचारू नका, कुठल्या टप्प्यावर आणि किती दिवसांपूर्वी पडलेला, ते विचारा.

हा बर्फ येतो पश्चिमी विक्षोभांतून, म्हणजे पश्चिमेकडून बाष्प घेऊन येणाऱ्या वादळी हवेतून. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत ते हिमालयाला धडकतात. २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना काश्मिरी माणूस चिल्लई कलान म्हणतो. थंडी कडाक्याची असते, पण नुसत्या थंडीनं बर्फ पडत नाही, बाष्प लागतं. २०२४च्या जानेवारीत नेमकं तेच झालं. थंडी होती, पण उतार उघडे होते. बर्फ आला तो महिना सरताना. २०२५मध्ये तर गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. आणि हे विक्षोभ आपल्याला परके नाहीत. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात उभा गहू-हरभरा झोडपणाऱ्या गारपिटीमागेही त्यांचा हात होता.

आता बर्फाची प्रत. कडक थंडीत नुकताच पडलेला बर्फ ओंजळीत घ्या आणि दाबा. त्याचा गोळा होत नाही, बोटांतून सुटून जातो. हाच कोरडा, हलका, भुसभुशीत बर्फ, ज्याला स्कीवाले पावडर म्हणतात. त्याच्यासाठी जगभरचे लोक अफरवटवर येतात. मार्चमध्ये दुपारच्या उन्हात तोच बर्फ ओला, जड होतो, रात्री गोठतो आणि सकाळी वर टणक पापडी धरतो. लेकरांना गोळे करून खेळायचं असेल तर ओला बर्फच बरा! शिकाऊ माणसाला सकाळची पापडी फार त्रास देते.

इथं एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. थोडा बर्फ पडला आणि मग बरेच दिवस कोरडे गेले, की खालच्या थराचे दाणे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर एकदम जाड बर्फ आला, की वरचा सगळा थर घसरायला निमित्तच हवं असतं. वरून दिसतं मात्र गुळगुळीत, पांढरंशुभ्र. २२ फेब्रुवारी २०२४ला अफरवटवर हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. त्यामुळे आखलेल्या वाटा सोडून एक पाऊलही टाकायचं नाही, कितीही फोटो काढावासा वाटला तरी.

स्लेज ओढणारे, गमबूट भाड्यानं देणारे, घोडेवाले यांचं हिवाळ्यातलं पोट या बर्फावर चालतं. खाली सफरचंदाच्या बागांना आणि झेलमला उन्हाळ्यात जे पाणी मिळतं, त्यातलंही बरंचसं हेच. हिवाळा कोरडा गेला तर तिथल्या घरात काय वातावरण असतं, ते २०१६ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलेलं पाणी पाहिलेल्या आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको. बर्फ दिसला नाही म्हणून त्या घोडेवाल्यावर चिडू नका हो.

जायचंच असेल तर माझ्या मते फेब्रुवारी धरा, आणि श्रीनगर हवामान केंद्राचा अंदाज बघूनच दिवस पक्के करा. गुलमर्गला एक दिवस मोकळा ठेवा, कारण वारा सुटला की वरचा टप्पा बंद होतो. ताज्या बर्फात गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गपासून वर चाकांना साखळ्या लावलेली गाडीच घ्या. आणि गोंडोलाचं ऑनलाइन तिकीट आधी मिळतंय का ते बघा, हॉटेलचे पैसे मगच भरा.