नळाच्या पाण्याचा हिशोब

ठाण्यात नौपाड्यात, वर्तकनगरला सकाळी नळ सोडला की पाणी येतं, ते कुठून येतं असं कॉलेजच्या पोरांना विचारलं की बहुतेक जण सांगतात, पालिकेकडून. बरोबर आहे, पण पालिका कुठून आणते? बरंचसं भातसा नदीतून. भातसा धरण आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात, मुंबईला जाणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं एकट्या या धरणाचं. तानसा पण शहापुरातच, १८९२ पासून मुंबईची तहान भागवतंय. आणि याच शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर मार्च-एप्रिल उजाडला की बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात. धरणांची नावं आपण सगळ्यांनी पाठ केलेली असतात, पण ही दोन वाक्यं कधी एकाशेजारी एक ठेवून बघितलेली नसतात.

मी सांगतोय तो पोरांचा ग्रुप ठाण्यातल्या एका कॉमर्स कॉलेजच्या एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. यातले बरेच जण दहा मार्कांसाठी आलेत, तसं ते स्वतःच सांगतात, आणि मला त्यात काहीच गैर वाटत नाही, घरातून बाहेर पडायला काहीतरी निमित्त लागतंच ना.

शिबिर डिसेंबरात, अशाच एका पाड्यावर, काम वनराई बंधाऱ्याचं. पावसाळा संपला तरी ओहोळ वाहत असतो, तो आटायच्या आत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून आडव्या रचायच्या, मधल्या फटी चिखलाने लिंपायच्या, की पाणी तुंबतं, आजूबाजूच्या विहिरीत झिरपतं. पहिल्या दिवशी पोरांनी गोण्या अगदी तोंडापर्यंत ठासून भरल्या, त्या एकमेकींवर बसेचनात, सगळीकडून पाणी गळायला लागलं. मग पाड्यावरचे एक आजोबा आले, म्हणाले, "पोरांनो, गोणी पाऊणच भरा, ती दबली पाहिजे, आणि दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी ठेवा." दाभण-सुतळीने तोंड कसं शिवायचं तेही त्यांनीच दाखवलं.

इथं मला तारा‍बाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. १९४५ला बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गेल्या, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. आदिवासी पोरं गुरांमागे रानात जायची, शाळेत येणार कशी, मग या दोघींनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. आपल्या तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते तीही त्याच वाटेने आलीय. शाळा जागेवर गेली की शिकवणाऱ्यालाही त्या जागेचं जगणं दिसायला लागतं, आणि एकदा दिसलं की ते सहजासहजी डोक्यातून जात नाही.

या ग्रुपचंही तेच झालं. शिबिर संपलं, मार्क पण मिळाले, पण त्यातल्या सहा-सात जणांनी पाड्यावर येणं सोडलं नाही. एक मुलगी टीवाय बीकॉमला, तिला ऑडिट आवडतं. पाड्यावर नळ बसलेत, नळाला पाणी नाही. ती म्हणाली, "सर, आम्ही कंपन्यांचे बॅलन्सशीट सोडवतो, मग या नळयोजनेचा हिशोब का नाही बघायचा?" मला वाटतं शिक्षण कामाला लागलं ते या प्रश्नापाशी. माहिती अधिकाराचा अर्ज, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. अंदाजपत्रक मागवलं, मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंद, मागवली, टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही मागवली. मग सगळे वर्गात बेंच जोडून बसले, कागदावर पाइप किती मीटर आणि जमिनीवर किती, नोंदवहीत फेऱ्या किती आणि बायकांच्या लक्षात किती. बायकांनी भिंतीवर कोळशाने रेघा मारून ठेवल्या होत्या, एका टँकरला एक रेघ, त्या रेघांचे फोटो काढून एक्सेलमध्ये तारखा टाकल्या.

फरक निघाला. कुठे किती तो आम्ही इथे सांगत नाही, कारण तो आधी गावाला सांगायचाय, एक मेच्या ग्रामसभेत. ग्रामसभा गावच्या मतदारांची, ठाण्याच्या पोरांना तिथे मत नाही, म्हणून सगळा तक्ता त्यांनी सोप्या मराठीत दोन पानांवर उतरवलाय आणि पाड्यावरच्याच एका मुलीला समजावून दिलाय. बारावी झालीय तिची, मतदार यादीत नाव यंदाच लागलंय. दोन्ही पानं तीच वाचणार आहे, आणि "मोजमाप पुस्तिका पान चार" म्हणताना अडखळू नये म्हणून तिचा सराव चाललाय.